बाबाचा चष्मा

रविवार संध्याकाळ. कोपर, बाबाकडे.

आज पोकरमध्ये बाबाला हरवलं, तो डाव डोक्यातून जात नाहीये. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो, मीच शिकवलंय त्याला. माझ्या हातात काहीच नव्हतं. मध्ये मांडलेली, दोघांची सामाईक पहिली तीन पानं उघडली तेव्हा उगाच बोली वाढवली. बाबाने तेवढीच लावली. चौथ्या पानाला परत वाढवली. आता थांबू का? दोनदा ठोकून खोटं बोलले, तिसऱ्यांदा कच खाल्ली तर पकडलीच जाणार. तेवढ्यात बाबाने चष्मा काढून बनियनला पुसला. पत्ते फुसके असले की पुसतोच तो, त्याला पत्ताही नसतो. शेवटच्या पानाला मी सगळे चिंचोके पुढे ढकलले.

"घे बाई!" म्हणत त्याने पत्ते टाकले. काय हसलो दोघं!

निघताना विचारलं, "आई गेल्यापासून एकटा असतोस. करमतं ना रे बाबा?"

"अगं, मस्त चाललंय माझं. तू जा वर्तकनगरला, जावईबापू वाट बघत असतील."

आणि चष्मा काढून पुसायला लागला.

मी चपला काढल्या. घरी फोन करून सांगितलं, आज इथेच राहते.

बाबा पत्ते पिसतोय. चष्मा नाकावर आहे.