वालाच्या वाफ्यात पडलेला दगड

बाबा, हे लिहायचं मी टाळत आलोय. तुम्ही गेलात त्याच वर्षी एकदा बसलेलो, ‘बाबा’ एवढं लिहिलं, तेवढ्यात खाली कुणाला तरी घारीचं पिल्लू सापडलं म्हणून आरडाओरडा झाला आणि मी बघायला गेलो. त्यानंतर अकरा वर्षं काही ना काही सापडतच गेलं. गॅसचे मीटर वाचले, टेम्पोवर फिरलो, माजिवड्याच्या टॉवरांवर सोलरचे पॅनल चढवले, विठ्ठलवाडीला भंगाराच्या गाळ्यात लोखंड निवडलं. कुठंच वर्ष काढलं नाही. तुम्हाला यात नवीन काही नाही, दहावीच्या निकालाच्या दिवशीच तुम्ही हे सगळं सांगून ठेवलेलंत. पण आज लिहितोय ते त्या रविवारबद्दल. आणि आधीच सांगतो, राग अजून गेलेला नाही.

तुमची वही माझ्याकडे आहे. आई ताईकडे राहायला गेली तेव्हा बाकी कपाट तिनं वाटून टाकलं, वही मला दिली. मोजणी खात्यात तुम्ही लोकांच्या बांधांवर आयुष्य काढलंत आणि सुट्टीच्या दिवशी आकाशातून पडलेले दगड शोधत हिंडलात. बाकीचे लोक आधी दगड बघतात. तुम्ही आधी जागा बघायचात. वहीत प्रत्येक दगडाची चतुःसीमा, सातबाऱ्याच्या जमिनीला लिहावी तशी: पूर्वेस विहीर, पश्चिमेस विजेचा खांब, दक्षिणेस अमक्याचा गोठा, उत्तरेस पायवाट. खाली दोन पंचांच्या सह्या. तोवर दगडाला कुणी हात लावायचा नाही. “दगड कुठं पळून जात नाही. जागा जाते. उचलला की गेली,” हे तुम्ही मला स्कूटरवर मागं वळून सांगायचात आणि मी ओरडायचो, बाबा, पुढं बघा, डंपर आहे.

वहीतले बहुतेक दगड आपले साधे काळे पत्थर नाहीतर लोखंडाच्या भट्टीतून निघणारी दगडासारखी मळी. त्यातली एक मळी माझी. सोळा वर्षांचा होतो. डोंबिवलीच्या कारखान्यांमागून उचलली आणि मलंगगडाच्या पायथ्याशी सापडली म्हणून तुम्हाला आणून दिली. तुम्ही खूश होऊन तपासायला पाठवलीत, उत्तर आलं, भट्टीचा माल. वहीत ती नोंद लाल पेनानं खोडलेली आहे. खोडताना कागद फाटलाय. ती चूक माझी, मान्य. पण एका खोट्याची शिक्षा किती वर्षं चालते, हे तुमच्या कुठल्या नियमात लिहिलेलं?

तर तो रविवार. मी एकोणीसचा. जेवणं उरकलेली आणि आभाळ स्वच्छ असताना मोठा दणका झाला, तावदानं हलली. सगळी बिल्डिंग म्हणाली, शीळफाट्याच्या खाणीत सुरुंग लागला. तुम्ही म्हणालात, “रविवारी सुरुंग लागत नाही,” आणि पायात चपला घातल्यात. विचारत विचारत तासाभरात आपण फाट्यामागच्या त्या गावात पोचलो तर दगड गावदेवीच्या पायरीवर. मुठीएवढा, काळाकुट्ट. एका मावशीनं तो हळदीच्या पाण्यानं धुतलेला, कुंकू लावलेलं, वर जास्वंद. तुमचा चेहरा मला आजही दिसतो. दगड खरा होता. आयुष्यात पहिल्यांदा खरा, आणि जागा गेलेली.

तुम्ही देवळात लोकांना विचारत बसलात. मी नेहमीप्रमाणे भटकलो. गावच्या विहिरीपलीकडे एका घरामागं कुत्री व्यालेली, पिल्लं बघायला वाकलो तर समोर वालाचा वाफा, मधले वेल मोडलेले आणि वीतभर खोल भोक. तीच मावशी तिथं शेंगा तोडत होती. स्वतःहून म्हणाली, “बघ र पोरा, हय परला. मी हयच उभी होती. कानठाल्या बसल्या माज्या.” मी धावत तुमच्याकडे आलो. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, “विहिरीपासून किती पावलं?” मी म्हणालो, एक्केचाळीस. “मोजलीस?” मोजली.

तुम्ही पिशवीतून टेप काढलीत आणि विहिरीपासून पावलं टाकत निघालात. मागं सगळं गाव. एक्केचाळिसावं पाऊल पडलं ते शेजारच्या पेंढ्याच्या उडवीत. वाफा आधीच मागं राहिलेला. कुणीतरी म्हणालं, “साहेब, पोरगा पन वरशीच परला काय?” सगळे हसले. मी वाफ्याकडे हात केला. तुम्ही वळलात, मावशीला विचारलंत, “इथं पडला का हो?” तिची नजर तुमच्या हातातल्या टेपवर. तेव्हा त्या भागात नवीन रस्त्यासाठी जमिनी जायच्या होत्या, टेप घेऊन आलेला माणूस म्हणजे जमीन घेणारा, हे तिथल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. तिनं शेंगांची टोपली भोकावर ठेवली आणि म्हणाली, “हय काय नय परला. देवलाचे आंगनान परला. आमचे जागेन कनाला मोजतंस?” मी ओरडलो, बाबा, टोपली उचला, टोपलीखाली आहे. तुम्ही म्हणालात, परक्या बाईच्या वाफ्यात हात घालायचा नाही. आणि मग सगळ्यांसमोर, वही मिटत: “ह्याच्या शब्दावर मी आमच्या घराचा पत्तासुद्धा लिहिणार नाही.”

वहीत त्या पानावर आहे, ‘स्थान: अनिश्चित.’ चारही सीमा कोऱ्या. आख्ख्या वहीतला एकच खरा दगड आणि त्याला जागा नाही. परत येताना तुम्ही एकदाही मागं वळून बोलला नाहीत. घरी आल्यावर मी वर्षभर तुमच्याबरोबर कुठंच आलो नाही, आणि वर्षानं तुम्ही गेलात. हॉस्पिटलमध्ये तुम्ही मला विचारलंत, “जेवलास का?” मी म्हणालो, हो. तेव्हाही उपाशीच होतो. आपल्यातलं शेवटचं बोलणं तेवढंच.

बाबा, आयुष्यभर लोकांच्या भांडणात बांध कुणाचा ते ठरवलंत. माणूस टेपला घाबरून खोटं बोलतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं? तिचा चेहरा बदललेला मी बघितला. तुम्ही टेप गुंडाळत होतात.

गेल्या महिन्यात तिकडे गेलेलो. वाफा नाही, विहीर नाही, रस्त्याचे खांब उभे आहेत. देऊळ टाइल्सचं झालंय, आणि देवीच्या बाजूला शेंदराचे चार गोळे आहेत, त्यातला आपला कुठला ते पुजाऱ्यालाही माहीत नाही. मोबाइलनं मी उभा होतो ती जागा पार दशांशापर्यंत सांगितली. पण उभं कुठं राहायचं, ते कोण सांगणार? टपरीवाल्याकडे आपला पत्ता ठेवून आलो, म्हटलं, ती मावशी कधी दिसली तर सांग, मोजणीवाल्याचा मुलगा येऊन गेला. तो म्हणाला, ते लोक कधीच दुसरीकडे गेले. मी विषय सोडून दिला.

आता जे तुम्हाला सांगायचं ते राहिलंच. आईला, ताईला, सगळ्यांना मी सांगत आलो की बाबांची पावलं लांब, माझी आखूड, म्हणून ते उडवीत गेले. तसं नाही. मी मोजलीच नव्हती. तुम्ही विचारलंत आणि तोंडातून एक्केचाळीस निघालं. भोक खरं होतं, मावशी खरी होती, आकडा तेवढा माझा. ‘नाही मोजली, चला, दाखवतो’ म्हणालो असतो तर तुम्ही आला असतात. हे पत्र टाकायला पेटी नाही तेच बरं.

आत्ता बेल वाजली. दारात ती मावशी आहे, हातात मी टपरीवाल्याकडे ठेवलेला पत्ता. पार वाकलीये, एकटी आलीये, रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत सोडलं म्हणून त्याला शिव्या देतेय. मला तिनं ओळखलं नाही. मला बाजूला सारून आत बघत म्हणाली, “तुजा बापूस हाय का घरान? त्याचे संगती खोटा बोललेली मी. इहिरीपासून किती पावलां ती मना ठावं हान. त्यालाच सांगन.”

तिला पाणी दिलंय, तुमच्या खुर्चीत बसवलंय. तुम्ही नाहीत हे अजून सांगितलेलं नाही.