दलदलीतला राजा आणि आमचा फिंटन

१२ मे २०११

माझा भाऊ फिंटन आणि मी दलदलीत पीटच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, ओल्या विटा वाळायला रचायचो. मधे बाटलीतला चहा. गार होऊ नये म्हणून बाटलीला बाबांचा मोजा. पहिला घोट नेहमी तोच घ्यायचा — चोर!

आज तिथेच, दोन गावांच्या शिवेवर, यंत्राने पीट कापताना माणसाचा हात वर आला.

छत्तीस वर्षांपूर्वी ‘पोरांनी’, म्हणजे बंदूकवाल्या बंडखोरांनी, फिंटनला इंग्रजांचा खबऱ्या ठरवून गाडीत घातलं; तो परत आलाच नाही. गाडी शेजारचा मॅलकी चालवत होता. गावाला ठाऊक आहे. बोलत कोणी नाही.

मी जपमाळ घेऊन धावले. पोलीस यायच्या आतच आम्ही बायका चिखलात गुडघे टेकून प्रार्थना म्हणू लागलो. देहावर ताडपत्री. मॅलकी लांब उभा होता, तिथूनच म्हणाला,

“ऊठ, डिम्फ्ना. तो फिंटन नाही.”

ताडपत्री अजून कोणी उचललीही नव्हती!

१६ मे

दोन हजार वर्षांपूर्वीचा निघाला. नखं नीट राखलेली, केस राळ लावून उभे केलेले, स्तनाग्रं कापलेली.

“राजा असावा, मावशी,” संग्रहालयाची ओर्ला म्हणाली. “राजाच्या छातीला ओठ लावून लोक त्याला आपला मानायचे. ती कापली की राजेपण संपलं.” भूमीशी त्याचं लग्न लावलेलं असायचं म्हणे. पीक बुडालं की त्यालाच मारून राज्याच्या शिवेवर भूमीच्या हवाली करायचे. “असं आम्हाला वाटतं हं!”

शाळेत सिस्टर ते लोक रानटी होते म्हणून शिकवायच्या. रानटी? त्यांनी निदान देवासमोर मारलं.

एका परक्या राजासाठी अख्खी जपमाळ म्हटली मी. असू दे. त्यालाही बहीण असेल.

१७ मे

मॅलकीच्या दारात गेले.

“न बघता कसं कळलं तुला?”

“म्हातारी झालीस, बये. घरी जा.”

“कुठे आहे तो?”

दार लावून घेतलं. राजाचं मरण येवो त्याला — नको, तेही फार मानाचं.

४ जून

दरवर्षी सगळे एकमेकांना विटा रचायला मदत करतात. मॅलकीकडे यंदा कोणी फिरकलं नाही. मी कोणाला काही सांगितलं नाही.

सांगितलं. दुकानात. मोठ्याने.

२३ जून

पाऊस. त्याचा सगळा पीट पुन्हा चिखल! माझ्यासोबत चिखलात प्रार्थना म्हणणाऱ्या नोराने भर दुकानात विचारलं, “काय रे मॅलकी, हिवाळ्यात काय जाळणार? ती जुनी गाडी?”

कोणीच हसलं नाही. मी हसले. देवा, किती बरं वाटलं!

९ जुलै

मॅलकीने पाद्रीबाबांना जागा दाखवली. फिंटन सापडला.

आईशेजारची, माझ्यासाठी राखलेली जागा फिंटनला द्यावी. बाबांचा चांगला कोट त्याच्या अंगावर घालावा. मला कुठेही पुरा.

शवपेटीचा पुढचा खांदा मॅलकीला. वजन कळू दे.