आमच्या माहितीप्रमाणे पहिलाच

३ फेब्रुवारी, गाबेस
सी मोन्सेफनी लेखाचा मसुदा परत दिला. नावाला मार्गदर्शक – मसुद्यावरची लाल शाई बघितली तर वैरी वाटावेत. एक वाक्य स्वतःच इंग्रजीत लिहून घातलंय : ‘आमच्या माहितीप्रमाणे गाबेसच्या विहिरींमधल्या खारेपणाचा हा पहिलाच अभ्यास.’ म्हणाले, “हे नसेल तर संपादक दुसरं पान उलटत नाही.”
जूनपर्यंत लेख स्वीकारला गेला नाही तर माझी पीएचडीची नोंदणी रद्द. सहा वर्षं वाया.

५ फेब्रुवारी
अकराव्या विहिरीवर नमुना घ्यायला गेले. तिथले म्हातारे शेतकरी अम धाऊ विहिरीजवळच्या डाळिंबाची छाटणी करत होते. माझ्या बाटल्या बघून हसले.
“तू पाणी चाखत नाहीस का पोरी? ती चाखायची.”
“ती कोण?”
“नजिया. तू जन्मलीही नव्हतीस. याच विहिरी, अशाच बाटल्या. चाखायची, थुंकायची, वहीत लिहायची. माझ्या आईनं तिला डाळिंबाचं रोप दिलं, तर घरी न्यायचं सोडून इथंच लावलं. म्हणाली, बघू किती खारं सोसतंय. हेच ते.”
जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी
संगणकावर दिवसभर शोधलं. नजिया कुठंच नाही. बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली.

९ फेब्रुवारी
सापडली. संस्थेच्या तळघरात, बंद पडलेल्या फ्रिजमागे. त्या काळातले सगळे प्रबंध फ्रेंचमध्ये, टंकलेले, कुठंच न छापलेले. आम्ही इंग्रजीत शोधतो आणि हात झटकून मोकळे होतो.
नजिया लतैफ, १९८८. चोवीस विहिरी. माझ्याही चोवीसच – त्याच. आणि तिचं काम माझ्यापेक्षा नेटकं आहे.

१० फेब्रुवारी
प्रबंध सी मोन्सेफपुढे ठेवला. त्यांनी उघडलासुद्धा नाही.
“छापलाय कुठं? नाही ना? मग तो नाहीच.”
“पण ‘आमच्या माहितीप्रमाणे’ लिहायचं, आणि आता आपल्याला माहीत आहे.”
“सुंदुस, तुला डॉक्टर व्हायचंय की काझी?” मग जरा मऊ आवाजात, “ती केव्हाच देश सोडून गेली. कोण वाचणार आहे?”

१४ फेब्रुवारी
वाक्य काढलं. घातलं. काढलं. आई म्हणाली, “डोकं दुखतंय का? चहा करू?” तिच्यावर उगाच खेकसले.

१५ फेब्रुवारी
पाठवला. वाक्यासकट. नजियाचं नाव कुठंही नाही.

२० मार्च
अकराव्या विहिरीकडे जायचं टाळतेय. कारणं बरी सुचतात – ताप, वारा, सायकल पंक्चर.

२ मे
लेख स्वीकारला! किरकोळ दुरुस्त्या फक्त. सी मोन्सेफनी सगळ्या विभागाला मकरूदची मिठाई वाटली.
आत्ता परीक्षकांचे शेरे नीट वाचले. त्यांची नावं गुप्त असतात. पहिल्याच्या तीन ओळी, नेहमीच्याच. दुसऱ्यानं एकेक आकडा तपासलाय, दोन चुका दाखवल्यात, काम चांगलं आहे म्हटलंय. ‘पहिलाच’ या शब्दाला हातही लावलेला नाही.
शेवटी एक ओळ आहे, फ्रेंचमध्ये. माझ्या लेखात झाडांचा उल्लेखच नाही.
‘अकराव्या विहिरीजवळचं डाळिंब जगलं का?’