अध्यक्षांचे आभार राहिले त्याची हकीकत

मु. सोनपिंपळी, मांजरसुंब्याजवळ,
जि. बीड.
२४ मे १९८७

आदरणीय कारभारीमामांस,

भाच्याचा, म्हणजे जालिंदरचा, सविनय जय भीम. सरूमामींना जय भीम, आणि लेकरांच्या गालाला मी हात लावल्याचे समजावे. तुमची दाढ कशी आहे? (अंबाजोगाईच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात नोकरी असून तुम्ही दाढेखाली लवंग धरून बसता, हे आईला पटत नाही. मला पटते, कारण डॉक्टरची भीती मलाही वाटते.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. खुशाल म्हणजे, विहिरीत वाकून पाहिले तर स्वतःचे तोंड दिसत नाही, बाभळीच्या सावलीत शेळ्यांनी आधीच जागा धरलेली असते, आणि मी फाट्यावर सायकलींचे पंक्चर काढतो ते पाण्याच्या घमेल्याशिवाय, ट्यूब गालाजवळ फिरवून. हवेची झुळूक गालाला लागली की तिथे खडूची खूण करायची. दिवसभरात गार वारा म्हणतात तो मला तेवढाच मिळतो. तरी बरे चालले आहे. गाय उभी आहे आणि आई तिच्याशी भांडते आहे.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी ती माझ्याकडून आलेली बरी. आपल्या गावच्या दूध संस्थेचे अध्यक्ष बद्रीनाथअण्णा यांचे भर सभेत आभार मानायचे राहिले. ते माझ्याकडून राहिले.

आपल्या वस्तीला संस्थेत मान आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सभेचे अध्यक्षस्थान अण्णांना, फोटोला हार त्यांच्या मेहुण्याने घालायचा, अहवाल चुलतभावाने वाचायचा, सूचक आणि अनुमोदक त्यांचे दोन साडू, आणि आभार तेवढे आपल्या वस्तीने मानायचे. (याला सर्व समाजाला प्रतिनिधित्व दिले असे म्हणतात.) आजवर हे काम आपल्या वस्तीतले भारततात्या करीत. पण आभाराच्या आधी चहा यायचा आणि चहाबरोबर सभा उठायची, त्यामुळे तात्या माइकसमोर उभे राहून रिकाम्या सतरंजीचे आणि तिच्यावर झोपलेल्या कुत्र्याचे आभार मानायचे. कुत्रेसुद्धा मध्येच उठून जायचे, असे तात्या स्वतःच सांगतात. यंदा तात्या लेकीकडे गेले ते सभेपर्यंत उगवलेच नाहीत, म्हणून संस्थेचे सचिव बिभीषणराव आमच्या दाराशी येऊन आईला म्हणाले, "मनकर्णाबाई, तुमच्या जालिंदरचं शुद्धलेखन लई चांगलं हाय म्हणतेत. यंदा आभाराला त्यालाच पाठवा." बोलायला शुद्धलेखन कशाला लागते, हे मी विचारले नाही. मी दहावीला इंग्रजीत गेलो, पण मराठीत कधी गेलो नाही, हे गावाने लक्षात ठेवले याचेच मला बरे वाटले.

यंदाच्या टंचाईमुळे एक बदल झाला. लोक दोनदोनदा चहा पितात आणि चहाला टँकरचे पाणी लागते, म्हणून यंदा चहा आभार संपल्यावर, एकेक कप, ज्याच्या त्याच्या जागेवर मिळेल, असे ठरले. हा हुकूम खुद्द अण्णांचा होता. पुढचे सगळे या हुकुमामुळे झाले, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

सभा शाळेच्या अंगणात भरली. सरकारी चारा डेपो संस्थेकडे आलेला आहे आणि त्याचा कडबा शाळेच्या भिंतीला रचलेला असतो. सारे गाव तिथे येऊन आपापली पेंढी घेऊन जाते. सभेत ठराव असा आला की, तिथे चोरी होते, म्हणून डेपो अण्णांच्या घराच्या आवारात हलवावा. (चोरी झाली ती एका बैलाने केली. तो बैल अण्णांचाच होता.) मामा, त्या आवाराचे आणि आईचे काय आहे ते तुम्ही जाणताच. नवी नवरी म्हणून ती या गावात आली तेव्हा अण्णांच्या वडिलांचा काळ होता. त्या दारावरून जाताना तिला चपला काढून हातात घ्याव्या लागत, आणि काही मागायचे तर बाहेर धुळीत उभे राहून हाक मारावी लागे. पुढे छप्पन्न साली आपण धम्म घेतला आणि चपला पायातच राहू लागल्या, पण त्या आवारात पाय म्हणून ठेवायचा नाही, हे तिने तेव्हा जे ठरवले ते आजतागायत. डेपो तिकडे गेला तर ती जाणार नाही आणि मलाही जाऊ देणार नाही. सकाळीच तिने सांगून ठेवले होते, "त्या आवारातला कडबा माझ्या गाईपुढं पडायचा न्हाई." गाईला यातले काही कळत नाही. तिला फक्त भूक कळते.

बिभीषणरावांनी ठराव एका दमात वाचला आणि अण्णांनी "सर्वानुमते मंजूर?" असे विचारले, तेवढ्यात मी हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता, शाळेत शिकवल्याप्रमाणे. आपल्या संस्थेत हात वर करणारा मी पहिलाच असावा, कारण अण्णांना त्याचा अर्थच लागेना. ते माइकवरून मोठ्या मायेने म्हणाले, "जालिंदर, जायचंय का? जा की बाबा, जाऊन ये." सगळी सभा हसली. आणि मामा, काय सांगू, मी गेलो. (अध्यक्षांनी 'जा' म्हटले की माझे पाय माझे ऐकत नाहीत.) शाळेमागच्या लिंबाखाली उभा राहिलो, गेल्यासारखे दिसावे म्हणून थोडा थांबलो, आणि परत आलो. तोवर ठराव मंजूर झाला होता.

पण त्या लिंबाखाली मला राग आला. आधी हसणाऱ्यांचा, मग अण्णांचा, आणि शेवटी माझा. ज्या हातासाठी आपल्या आजापंज्यांनी आयुष्य घातले, तो हात वर करून मी लघवीला गेलो! परत येऊन सतरंजीवर बसलो तेव्हा कान गरम झाले होते, आणि गरम कानांतच मला एक गोष्ट सुचली. विरोध करणाऱ्याला खाली बसवता येते. प्रश्न विचारणाऱ्याला विषय पत्रिकेवर नाही असे सांगता येते. पण आभार मानणाऱ्याला कोण अडवणार? 'आभार मानू नकोस' असे म्हणणारा अध्यक्ष अजून जन्माला यायचा आहे. आणि चहा आभारानंतर होता.

मी उठलो. खिशातल्या कागदावर मी तयार केलेले आभार खिशातच राहू दिले. सुरुवात बाबासाहेबांपासून केली, तिला कुणाची हरकत नव्हती. मग घटनेचे मानले. मग मतदानाच्या त्या पुठ्ठ्याचे मानले, ज्याच्या आड आपला शिक्का कुठे पडला हे अण्णांनासुद्धा दिसत नाही. (इथे पहिली टाळी पडली, ती बायकांच्या बाजूने. कुणी वाजवली ते मी पाहिले नाही, तेही गुप्तच असू द्यावे.) मग एस.टी.चे मानले, जिच्यात आधी चढेल तो खिडकीशी बसतो. मग फाट्यावरच्या त्या ढाब्याचे, जिथे सगळ्यांचे कप एकाच बादलीत विसळतात. बादली घाण आहे, पण एकच आहे. मग पोस्टमनचे, जो आपल्या वस्तीत येतो आणि नावाच्या आधी 'श्री' लावून हाक मारतो. मग हापशाचे मानले, जो आधी वारा देतो आणि मग पाणी, पण दोन्ही देताना कुणाचा हात आहे ते विचारत नाही.

एवढे होईपर्यंत लोकांनी चुळबुळ सुरू केली. मागून गहिनीनाथ ओरडला, "आरं, आटप की बे, चहा आटायलाय!" पण मला आता थांबता येईना. मी साध्यासुध्या सुखांवर आलो. आपल्या दारात बाज टाकून, पाय पसरून, समोरून कोण चाललेय म्हणून न उठता पडून राहण्याचे आभार मानले. रेडिओ मोठ्याने लावण्याचे मानले. कोरे कपडे घालून भर गल्लीतून काही काम नसताना चक्कर मारण्याचे मानले. पहिल्या रांगेत बसलेली बायनाबाई म्हातारी म्हणाली, "माझ्या शेळीचेबी मान रं बाबा. असल्या दुष्काळात नातवाला दूध पाजती." मी तिचेही मानले. लगेच केस कापणारा बंकट उठला, "मग मला कावून सोडलं? समद्या गावाची डोकी मीच संभाळतो." त्याचेही मानले. मग तर रांगच लागली.

चहाचे पातेले सांभाळणारा धोंडीराम पुढे येऊन अण्णांच्या कानाशी वाकला. माइक तिथेच असल्याने ते सगळ्यांना ऐकू आले. "अण्णा, चहाचा काढा झालाय. पाणी वतावं तर टँकर उद्या." अण्णा मला म्हणाले, "जालिंदर, शाना हायस. आता अध्यक्षाचे मान अन् बस खाली."

मी म्हणालो (आवाज थरथरत होता, पण लोकांना तो माइकचा दोष वाटला), "अण्णा, तुमचे शेवटी. आणि ते कशासाठी मानायचे तेही ठरलंय. कडबा हितंच, समद्यांच्या वाटंवर ठेवल्याबद्दल. तुमी ठेवला की मी मानतो. तवर टँकरच्या चाकांचे राहिलेत. अन् मी चाकातला माणूस हाय. एकेकाचे सावकाश मानीन."

कुणी हसले नाही. मग बायनाबाई म्हणाली, "राहू द्या की अण्णा साळंपशी. तुमच्या पायऱ्या चढाया माझं गुडघं ऐकत न्हाईत." आणि तिने हात वर केला. कोपर वाकवून केला, पण केला. मग बंकटने, मग बायकांच्या बाजूने बऱ्याच जणींनी, मग गहिनीनाथने (तो चहासाठी असावा). अण्णांनी हात मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. 'जायचंय का' असे त्यांनी कुणालाच विचारले नाही. एवढ्या लोकांना कुठे पाठवणार? शेवटी म्हणाले, "बरं, राहू द्या हितंच. लिव्हा तसं, बिभीषणराव. चहा आना."

आणि चहा म्हटल्याबरोबर सभा उठली. अध्यक्षांचे नाव माझ्या अगदी ओठावर आले होते, पण तोवर माइकची बॅटरी काढून नेली होती आणि समोर रिकामी सतरंजी होती. कुत्रेसुद्धा पातेल्याकडे गेले होते. असे ते आभार राहिले.

आता फाट्यावर अण्णा दिसले की लोक त्यांना विचारतात, "अण्णा, राहिलेच व्हय तुमचे?" काल बिभीषणराव निरोप घेऊन आले की, राहिलेले आभार मी अण्णांच्या घरी येऊन, आवारात उभा राहून मानावेत, म्हणजे विषय मिटेल. मी नम्रपणे सांगितले की, सभेचे आभार सभेतच मानायचे असतात. पुढच्या सभेत मानीन. पुढची सभा पुढच्या वर्षी. मामा, मी काही चूक केली असे मला वाटत नाही. आभार कुणाचे आणि कुठे उभे राहून मानायचे, हे ज्याला मानायचे त्याने ठरवावे. एवढे तरी आता आपले आहे.

तुमचा आज्ञाधारक (सभा सोडून) भाचा,
जालिंदर

ता. क. – थोडे दिवस तुमच्याकडे अंबाजोगाईला येऊन राहावे म्हणतो. भिऊन नव्हे. एवढे बोलल्याने घसा बसला आहे, तो तुमच्या दवाखान्यात दाखवावा, आणि अण्णांच्या मेहुण्याची सायकल सारखी पंक्चर होऊ लागली आहे, तो रोज दुकानासमोर येऊन उभा राहतो, बोलत काहीच नाही. उत्तर लवकर द्यावे. आईला कळू देऊ नये.

आणखी ता. क. – आईने पत्र वाचून दाखवायला लावले आणि शेवट आला का, शेवट आला का, असे विचारत वरचा ताजा कलमही वाचायला लावला. तो रद्द समजावा. मी येत नाही. मेहुण्याचे पंक्चर आई आता स्वतः दुकानात बसून बघणार आहे. तिने तुम्हाला लिहायला सांगितलेले काम असे: सोबतचा दोरा तिच्या पायाच्या मापाचा आहे. त्या मापाच्या चपला करून घेऊन याव्यात, कर्रकर्र वाजणाऱ्या. कडबा आणायला शाळेकडे जाताना वाट अण्णांच्या दारावरूनच जाते. आवाज दारापासून आतल्या चुलीपर्यंत जावा, एवढा पाहिजे. चपला करणाऱ्याने एवढा आवाज कशाला म्हणून विचारले, तर त्याला सांगावे की गावात एका माणसाचे आभार मानायचे राहिलेत, ते मनकर्णाबाई रोज येता-जाता मानणार आहेत.