शिराझ आणि वांग्याचं भरीत

२ एप्रिल २०१९, रामघाट, बनारस
आजपासून मी वाइनचा माणूस. मेहुणा शरद नाशिकहून शिराझची बाटली देऊन गेला. वाइन अजून प्यायलेलो नाही, पण अभ्यास पूर्ण (यूट्यूब). शिराझ म्हणजे काळं, जाड सालीचं द्राक्ष. वाइन दमदार, जिभेवर तुरट, वास मिऱ्याचा. स्वभाव थेट माझा.

४ एप्रिल
बँकेची ऑनलाइन मीटिंग. झोनल मॅनेजर मृणालिनी मॅडम बोलता बोलता म्हणाल्या, त्यांना रेड वाइन आवडते. मी म्हणालो, शिराझ हा माझाच विषय. पुढच्या शुक्रवारी दौऱ्यावर येणार आहेत, आमच्याकडे जेवणार! माझी पुण्याची बदली त्यांच्याच सहीवर अडलेली. झालीच समजा. पद्माला म्हटलं, सामान बांधायला घे. म्हणाली, आधी गॅस बुक करा.

५ एप्रिल
पेअरिंगचा, म्हणजे वाइनबरोबर काय खायचं ते ठरवण्याचा दिवस. नियम असा की शिराझबरोबर भाजलेलं मटण. पण खाली घरमालक विश्वेश्वरशास्त्री. वेदपाठशाळा चालवतात. आम्ही कांदासुद्धा खिडक्या लावून चिरतो. म्हणजे धुरकट हवं, मिरी हवी, मटण नको. सुचलं! निखाऱ्यावरच्या वांग्याचं भरीत. पद्मा म्हणाली, ते मी लग्न झाल्यापासून करतेय. करते खरी, पण पेअरिंग म्हणून कुठे?

८ एप्रिल
शिराझला सतरा अंश लागतात. घरात चाळीस. फ्रिजमध्ये चव मिटते म्हणे. पण डोकं चाललं: वाड्याच्या चौकातली विहीर! बाटली पिशवीत घालून दोरीने सोडली. फ्रेंचांना तळघरं बांधावी लागतात.

९ एप्रिल, सकाळी
शास्त्रीबुवांनी पूजेचं पाणी शेंदलं. बादलीत अडकून बाटली वर. मी जिन्यातच थांबलो (धोरण म्हणून). पद्मा पुढे झाली. म्हणाली, ह्यांच्या पोटासाठी द्राक्षासव आहे. शास्त्रीबुवा म्हणाले, "अरे वा! माझंही पेट महिनाभर गडबड करतंय. मी घेऊन बघतो थोडं." बाटली गेली. मी संयम पाळला.

१० एप्रिल
शास्त्रीबुवांनी औषध बरणीत ओतून रिकामी बाटली धुऊन परत पाठवली. निरोप: चष्मा सापडत नव्हता, लेबल काही वाचलं नाही. पंचगंगा घाट आता न थांबता चढतात म्हणे.
दुकानात दुसरी शिराझ मागितली. दुकानदाराने रम काढली. म्हणाला, लालच आहे.

११ एप्रिल
खरं द्राक्षासव आणून शिराझच्या बाटलीत भरलं. रंग जवळपास तोच. शेवटी दोन्हीकडे द्राक्षंच. पद्मा म्हणाली, मॅडमना खरं सांगून टाका. कशाला? वाइन आवडते म्हणणारे निम्मे लोक नुसते म्हणत असतात.

१२ एप्रिल
मॅडम आल्या. मी ग्लास कसा धरायचा इथपासून सुरुवात केली. मॅडमनी बराच वेळ वास घेतला. मी सुचवलं, मिरी. त्या म्हणाल्या, "लवंग. इंदूरला आजी जेवणानंतर दोन चमचे हेच द्यायची." मी म्हणालो, आजींची टेस्ट उच्च होती.
तेवढ्यात शास्त्रीबुवा बरणी आणि वाटी घेऊन वर. "पाहुण्यांना इथलं पाणी बाधू नये, म्हणून आणलं." मॅडमनी शिष्टाचार म्हणून घोट घेतला. डोळे मिटले. म्हणाल्या, "शिराझ!" मग भरताचा घास, मग पुन्हा वाटी. शास्त्रीबुवा म्हणत होते, "संकोच नको, दवाच आहे." बरणी रिकामी. मला कोणी विचारलं नाही. मी द्राक्षासव संपवलं.
एकंदरीत छाप पडली असावी.

२६ एप्रिल
ऑर्डर आली. बनारस, आणखी तीन वर्षं. शेरा: स्थानिक जीवनाशी उत्तम समरस.
पद्मा खूश. तिला हे गाव सोडायचंच नव्हतं, हे आज कळलं. खाली पेढे देऊन आली.
संध्याकाळी म्हटलं, बदली गेली ती गेली, पण ती शिराझ लागते तरी कशी, हेही कळलं नाही. पद्मा भाजी निवडत होती. म्हणाली, मॅडम आल्या त्या दिवशी शास्त्रीबुवांनी वर येताना आधी स्वयंपाकघरात मलाही वाटीभर दिली होती.
कशी होती, विचारलं.
तुरट, म्हणाली. पण भरताबरोबर छान लागते.