पैकीच्या पैकी

३ जुलै
एम. ए. एज्युकेशन, दुसरं वर्ष. आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या मागे काहीतरी लेखी राहावं.
एक पक्कं : वर्गात पाय ठेवायचा नाही. आई तीस वर्षं शाळेत घसा फोडतेय. मिळालं काय? बसलेला आवाज आणि कपाटभर ग्रीटिंग कार्डं. माझा अभ्यास शिक्षणाचाच, पण त्यात शिकवणं सोडून सगळं येतं. पॉलिसी, म्युझियम, कंपन्यांचं ट्रेनिंग, हॉस्पिटलमधलं पेशंट एज्युकेशन.
शेजारचे काका विचारतात, म्हणजे शेवटी मास्तरच ना? त्यांना उत्तर देणं बंद.

९ जुलै
इंटर्नशिप मिळाली! हॉस्पिटल, कान-नाक-घसा विभाग. काम : घशाच्या कॅन्सरची लक्षणं सामान्य माणसाला समजावणं. एक पोस्टर, एक ऑडिओ. विषय जरा उदास, पण डिझाइनला स्कोप आहे.
आईला सांगितलं. चेहऱ्यावरून खूश वाटली, बोलली नाही. शाळा उघडली की तिचा आवाज बसतोच. सुट्टीतही बसलेलाच होता, हे खरं. पण सुट्टीत ती फोनवर फार बोलते.

१६ जुलै
पोस्टर तयार. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळायला त्रास, कानात दुखणं, मानेला गाठ, थुंकीतून रक्त. प्रत्येकाला चित्र. खाली ठळक अक्षरांत : वाट पाहू नका. हे वाक्य आंघोळ करताना सुचलं.
निळा की हिरवा, यात आठवडा गेला. निळा.

२२ जुलै
प्री-टेस्ट. पोस्टर लावण्याआधी खऱ्या वाचकावर तपासायचं असतं. पन्नाशीपुढची व्यक्ती हवी होती, ती घरातच आहे. आईला पोस्टर वाचायला दिलं, मग प्रश्नपत्रिका. सगळी उत्तरं बरोबर. शंभर टक्के आकलन!
पेपर परत देताना हळूच म्हणाली, तुला काय वाटतं रे, मी एकदा दाखवून येऊ का? मी सांगितलं, आई, प्री-टेस्टमध्ये उत्तर देणाऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात. शिवाय तुझा आवाज धंद्यापायी गेलाय. बरं, म्हणाली.

३० जुलै
गाईड सरांना निकाल दाखवला. म्हणाले, कळलं ते छान, पण कळल्यावर त्या बाईंनी केलं काय? सरांना डेटा समजत नाही. वय झालंय.

८ ऑगस्ट
ऑडिओ. बाहेरचे आवाज फार गुळगुळीत. आईचा घोगरा आवाज विषयाला साजेसा. टेकवर टेक घेतले. 'गिळायला त्रास'पाशी दर वेळी थांबायची, पाणी प्यायची, पाण्यालाही वेळ लावायची. एडिटिंगमध्ये ते पॉज काढून टाकले. शेवटच्या टेकला आवाज फाटलाच. तोच ठेवला. अस्सल वाटतो.
हल्ली ती जेवणाला नुसतं सूप घेते. बारीक झालीये. तिला शोभतं.

१९ ऑगस्ट
प्रेझेंटेशन जवळ आलं. आई एका कानात कापूस घालून बसली होती. माझ्या ऑडिओचा त्रास होतोय का, विचारलं. नुसती 'नाही' अशी मान हलवली. तरी मी इयरफोन लावून काम केलं. एवढा समजूतदारपणा किती मुलांकडे असतो!
उद्यापासून तिच्याशी निवांत बोलायचं. परवापासून.

२७ ऑगस्ट
घवघवीत यश! ऑडिओ सुरू झाला आणि हॉलमध्ये चिडीचूप. पहिल्या रांगेतल्या मुख्य सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, हा आवाज कुणाचा? आईचा, म्हटलं. कधीपासून असा आहे? म्हटलं, परीक्षांच्या आधीपासून असेल. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी त्यांना घेऊनच या, मी डॉक्टरांशी बोलते.
बहुधा पुढचे सगळे ऑडिओ तिच्याकडूनच करून घेणार. निवृत्तीनंतर उद्योग झाला. आईला म्हटलं, इस्त्रीचे कपडे घाल, फोटो काढतील. तिने उठून इस्त्री लावली.

२८ ऑगस्ट, दुपार
हॉस्पिटलच्या बाकावर. आई आत आहे. फोटो वगैरे काही नव्हतं.
घशात नळी घालून पाहिलं. तुकडा तपासायला काढतायत. डॉक्टरांनी तिच्या मानेवर बोटं ठेवली, तिथे गाठ होती. मी रोज तिच्यासमोर बसून जेवतो.
समोर भिंतीवर माझं पोस्टर. लोक त्याखाली बसून मोबाइल बघतायत. मी ते तीनदा वाचलं. मला भीती वाटतेय.
मघाशी डॉक्टर तिच्यावर जरा चिडलेच. एवढे महिने थांबलात, लक्षणं माहीत नव्हती का? तिला बोलायला मनाई आहे. तिने माझ्या खिशातलं पेन काढून त्यांच्या पॅडवर लिहिलं : सगळी माहीत होती. मुलाने परीक्षा घेतली होती. पैकीच्या पैकी मिळाले.
डॉक्टरांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं. तुम्ही काय करता?
शिक्षणात आहे, म्हटलं.