सुसरीच्या पोटातलं जोडवं

केनवड, ता. वाशीम
६ मार्च १९७९

चि. इंद्रभान यास अ. आ. मी बरी आहे. तू सुखरूप असशील, हे धरूनच लिहिते.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चंबळेवर सुसरीची अंडी गोळा करायला वनखात्यानं ठेवलं, हे तू आनंदानं कळवलंस. तेव्हापासून भाकर गोड लागत नाही. शेजारची तुळसाबाई रोज विचारते, एकुलत्या एका पोराले सुसरीच्या दाढेत काहून धाडलं? पोळ्याला बैल धुताना तुझ्या बाबांना पैनगंगेनं नेलं, त्याला सहा वर्षं होतील. मला दुसरं कोणी नाही. काम सोड, घरी ये.

तुझी आई,
भागिरथा

चंबळकाठ
२ एप्रिल १९७९

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

मगर वेगळी, सुसर वेगळी. हिचं तोंड लांब चिमट्यासारखं, त्यात मासाच मावतो. नराच्या नाकावर गाडग्यासारखा गोळा असतो. तो फुरफुरला की तपकीर ओढणारे नानाजी मास्तर आठवतात. सुसरी आता फार थोड्या उरल्यात, म्हणून नदीतल्या वाळूच्या बेटांवरून अंडी जपून आणतो आणि पेटीत, तशाच वाळूत उबवतो.

तुझ्यापासून लपवत नाही. जाळ्यात अडकून मेलेली एक सुसर साहेबांनी फाडली. पोटात मासे, गोटे आणि एक चांदीचं जोडवं निघालं. साहेब म्हणाले, गोट्यांबरोबर गिळलं असेल. तुळसाबाईला सांग, सुसरीच मला पाहून पळतात.

तुझा,
इंद्रभान

केनवड
२४ एप्रिल १९७९

चि. इंद्रभान यास आईचे आशीर्वाद.

जोडव्याचं वाचून कोणाची तरी लेक गेली असं वाटलं. तुळसाबाई म्हणाली, साहेब पोराले फसवून राह्यला. दोन दिवस चूल पेटवली नाही.

तिसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना आठवलं. तुझ्या बाबांच्या दहाव्याला बायांनी माझी जोडवी काढली आणि मी माझ्या हातानं पैनगंगेत सोडली. तिकडेही माझ्यासारख्या बाया असतीलच. मग सुसरीवरचा राग गेला. तिची अंडी नीट सांभाळ.

पण त्यानंतर तुझी सारी पत्रं पुन्हा काढली. तोंड कसं, नाक कसं, पोटात काय, सगळं लिहिलंस. त्या वाळूपर्यंत नावेनं जातोस की चालत, आणि पाणी किती खोल, हे एकाही पत्रात नाही. तुला पोहता येत नाही. बाबांनाही येत नव्हतं.

उलट टपाली एवढंच लिही. बाकी काही नको.

तुझी आई